बुटांच्या खोक्यातला जिना

सापडकाकांना कुणी 'फॉरवर्डवाले' म्हटलेलं खपत नसे. फॉरवर्ड करणं म्हणजे एकाच्या ताटातलं उचलून दुसऱ्याच्या ताटात टाकणं, त्यात नुसते हात खरकटे होतात, असं त्यांचं म्हणणं. काका शोधत. सकाळी डाव्या हाताला चहा, उजव्या हातात फोन, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, अशी त्यांची बैठक बसली, की वाळूत शिंपले वेचणाऱ्या पोरासारखे ते इंटरनेटच्या ढिगातून एकेक चीज उचलायचे, झटकायचे, उजेडात धरून बघायचे. पेन्सिलीच्या टोकावर हत्ती कोरणारा सुतार. बोटं न भाजता उकडलेलं अंडं सोलणारं यंत्र, जे अंड्याचं फक्त टरफल शिल्लक ठेवतं. जुन्या मारामारीच्या सिनेमातला खलनायक, ज्याच्या घड्याळात पहिल्या गुद्द्यापासून शेवटच्या गुद्द्यापर्यंत एकच वेळ दिसते, आणि ते घड्याळ बंद असल्याचं हुडकून काढणारा कुठलासा निवृत्त घड्याळजी. यातलं जे पसंतीस उतरेल ते 'आजचा नग' असा मथळा लावून इमारतीच्या ग्रुपवर जाई.

नगावर साधारण दोन अंगठे उमटत. एक काकूंचा, तो काकूंच्या फोनवरून काकाच उमटवीत. दुसरा तळमजल्यावरच्या दंतवैद्यांचा, पण तो कधी एकटा यायचा नाही. त्याच्या मागोमाग 'हे जुनं आहे' एवढे तीन शब्द यायचे. ज्या माणसाचा जन्म लोकांच्या तोंडात डोकावण्यात गेला, त्याला इंटरनेटवरचं सगळं आधी कसं दिसतं, हे कोडं काकांना कधी उलगडलं नाही. पण त्या तीन शब्दांनी त्यांची अख्खी सकाळ आंबट व्हायची.

नाव सापडकाका पडलं ते मात्र या नगांमुळे नव्हे, नोकरीमुळे. शहराच्या बससेवेचा 'सापडलेल्या वस्तूंचा विभाग' म्हणजे एक लांबट खोली, तिला एक खिडकी, खिडकीला जाळी, आणि जाळीमागे काका. लोक बसमध्ये काय काय विसरतात हे काकांनी पाहिलं होतं. छत्र्या तर विसरण्यासाठीच घेतलेल्या असतात. पण माणसं कुबड्या विसरून चालत घरी जातात, कवळ्या विसरतात, एकदा एक गृहस्थ लग्नाचा कोट आणि त्याच्या खिशातली अंगठी दोन्ही विसरले होते आणि न्यायला नवरी आली होती. या सगळ्यांना काकांचा नियम एकच. वस्तू आधी दाखवायची नाही. समोरच्याला विचारायचं, काय काय आहे सांगा. छत्री काळी आहे हे कुणीही सांगेल. मुठीला दाताचे व्रण आहेत हे मालकच सांगेल. जे बाहेरून दिसत नाही ते ज्याला ठाऊक, वस्तू त्याची. हा नियम कुठल्या पुस्तकात नव्हता. काकांचा काकांनीच केलेला होता, आणि त्याच्यावर त्यांचा पोटच्या पोरासारखा जीव होता.

आता या वेचण्याच्या छंदात काकांना एक चीज अशी गवसली होती, की ती त्यांनी ग्रुपवर टाकलीच नाही. ते एक पान होतं. पाहणारे इनमीन मूठभर. त्यात फक्त दोन हात दिसत, भांडी घासताना घालतात तसल्या पिवळ्या रबरी मोज्यांतले. ते हात बुटांच्या रिकाम्या खोक्यात जुन्या सिनेमांमधले प्रसंग उभे करीत. काडेपेटीच्या काड्यांचे खांब, पावाच्या कागदाचे पडदे, शर्टाच्या बटणाचा भिंतीवरचा दिवा. आवाज नाही, गाणं नाही, चेहरा नाही. नुसते ते पिवळे हात, सुगरणीच्या चोचीसारखे, एकेक काडी आणून ठेवणारे. काका ते बघायला बसले की चहा निवायचा आणि त्यांना कळायचं नाही.

का टाकलं नाही ग्रुपवर, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. कदाचित 'हे जुनं आहे' हे तीन शब्द त्या पिवळ्या हातांवर पडलेले त्यांना सोसवले नसते. ते तिथे गुपचूप जात, खाली एखादी ओळ लिहीत, आणि तिकडून उत्तर येई. कठड्याचा रंग फार जमलाय, असं त्यांनी लिहिलं तर उत्तर आलं, चहाचं पाणी आहे. घरचे काय म्हणतात, असं विचारलं तर उत्तर आलं, घरी माहीत नाही, हसतील. काकांनी मनाशी धरलं होतं की हा कुणीतरी आपल्यासारखाच निवृत्तीला टेकलेला गृहस्थ, बायकोला भिऊन बाथरूमजवळच्या कोपऱ्यात बसून हे करतो. त्या गृहस्थाला त्यांनी मनातल्या मनात बारीक मिशाही दिल्या होत्या.

सध्या खोक्यात जिना चालला होता. तोच तो प्रसंग, म्हाताऱ्यांना पाठ आणि तरुणांना ऐकून माहीत असलेला. घरातून भांडून निघालेला मुलगा ट्रंक घेऊन जिना उतरतो, मधल्या पायरीवर थांबतो, वाटतं आता वळून बघेल, आणि बघत नाही. थिएटरातली माणसं त्या पायरीवर ढसाढसा रडायची. पिवळ्या हातांनी जिना केला, कठडा केला, ट्रंक केली, बोटाच्या पेराएवढा मुलगा केला. काकांनी लिहिलं, झालं की मग काय? उत्तर आलं, ताईला दाखवायला न्यायचं. ती अंथरुणाला खिळली आहे. फोनमधलं तिला दिसत नाही.

काका उठून उगाचच पाणी प्यायले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आगारातून पोती आली. छत्र्या, डबे, एक हेल्मेट, आणि दोरीने बांधलेलं एक बुटांचं खोकं. शिपायाने ते हलवून पाहिलं आणि जोडा एकच आहे वाटतं, म्हणाला. काकांनी दोरी सोडली. वरचं झाकण निघालं, आणि आतून तो जिना त्यांच्याकडे बघू लागला. चहाच्या पाण्याचा कठडा. मधल्या पायरीवर थांबलेला तो मुलगा.

माणसाच्या आयुष्यात आनंदाचे प्रसंग येतात तेव्हा जवळ शहाणं माणूस असावं. काकांजवळ शिपाई होता. त्याने विचारलं, काय झालं साहेब, बसा. काका बसले. मग त्यांनी जे केलं ते चांगलंच केलं, तेवढं श्रेय त्यांना द्यायला हवं. त्यांनी झाकण लावलं, दोरी बांधली, चिठ्ठी अडकवली, आणि त्या पानावर जाऊन लिहिलं, खोकं सुखरूप आहे, बससेवेच्या सापडलेल्या वस्तूंच्या खिडकीवर यावं. घटकाभरात उत्तर आलं. फार उपकार झाले. उद्या दुपारी.

इथे काकांनी फोन खिशात टाकायला हवा होता. घरी जाऊन जेवायला हवं होतं, झोपायला हवं होतं, आणि दुसऱ्या दिवशी खिडकीवर बसून सहज म्हटल्यासारखं म्हणायला हवं होतं, कठडा चहाच्या पाण्याचाच ना? तेवढ्यासाठी तर ते दिवसभर मनातल्या मनात तालीम करीत होते. पण इमारतीच्या दारात दंतवैद्य उभे होते. त्या सकाळी, खोक्याच्या आधीच, काकांना काही सापडलं नव्हतं आणि नग गेला नव्हता. हे दंतवैद्यांच्या नजरेतून सुटणार थोडंच.

"काय काका, आज दुकान बंद?" दंतवैद्य म्हणाले. "बरोबर आहे म्हणा. संपणारच कधीतरी. सगळं जुनंच असतं हल्ली."

आता हे काही मोठं बोलणं नव्हतं. माणसं याहून वाईट ऐकून घेतात आणि जिना चढून जातात. काकाही जिना चढले. पण प्रत्येक पायरीवर ते बोलणं दातात अडकलेल्या तंतूसारखं टोचत होतं, आणि दार उघडेपर्यंत त्यांचा निश्चय झाला होता. खोक्याचा फोटो त्यांनी ऑफिसातच काढला होता, फक्त स्वतःसाठी. तो त्यांनी ग्रुपवर टाकला. खाली पानाचा पत्ता दिला. खाली ताईची हकीगत लिहिली, जरा रंगवून. आणि शेवटी लिहिलं, हा नग जुना नाही, हा नग माझ्या कपाटात आहे आणि याचा कर्ता उद्या दुपारी माझ्या खिडकीवर येत आहे.

काकूंनी ते वाचलं आणि काकांकडे बघितलं. काकू शिवणाच्या शिकवण्या घेत. सुई कुठे लावायची ते त्यांना नीट माहीत होतं.

"त्यांनी विचारलं होतं का, सांगा म्हणून?"

काका म्हणाले, यात विचारायचं काय, चांगलंच तर लिहिलंय.

"तुम्हांला सापडलं की गावाला सापडलं," काकू म्हणाल्या, आणि दिवा मालवायच्या आधी एवढंच पुटपुटल्या, की बिचाऱ्याने मोजे घातलेत ते काही थंडीसाठी नाही.

सकाळी काकांनी फोन हातात घेतला आणि आजवर दोन अंगठ्यांवर जगलेल्या माणसाचं डोकं गरगरलं. ग्रुपवर अख्खी इमारत जागी होती. ज्या तिसऱ्या मजल्याने आजवर फक्त पाणी का आलं नाही एवढंच विचारलं होतं, त्या तिसऱ्या मजल्याने हात जोडले होते. इमारतीतून ते बाहेर गेलं होतं, बाहेरून आणखी बाहेर. फोटोतला तो बोटाच्या पेराएवढा मुलगा गावभर जिना उतरत होता. पिवळ्या हातांच्या पानावर आता यात्रा लोटली होती. लोक लिहीत होते, कुठे मिळेल, कितीला द्याल, माझ्या मुलाच्या प्रोजेक्टसाठी करून द्याल का, चेहरा दाखवा, चेहरा दाखवा. आणि दंतवैद्यांचा नुसता अंगठा होता. खाली तीन शब्द नव्हते. खरं सांगायचं तर काकांना त्या क्षणी जगात दुसरं काही नको होतं.

दंतवैद्य स्वतः वर आले. त्यांचा सूर बदललेला होता. आता ते या कामात भागीदार होते. त्यांच्या एका रुग्णाचा मेहुणा बातम्यांच्या चॅनेलवर होता, त्याला त्यांनी कळवून टाकलं होतं. शिवाय त्यांनी काकांना हेही सुचवलं, की अशा बारीक कामाला परदेशात वेडी किंमत येते, तेव्हा खोटे दावेदार येतील, तेव्हा पारख करायला जाणकार माणूस हवा. आणि दाताचं काम म्हणजे तरी काय, बारीक कामच. काकांना खिडकीवर दंतवैद्य नको होते. पण नको म्हणायला जी घडी लागते ती निघून गेली होती. अशा घड्या काकांच्या आयुष्यात नेहमीच जरा आधी निघून जात.

ऑफिसात पोचले तर साहेब आधीच आले होते. साहेब विभागप्रमुख होते आणि आपला विभाग कुठे आहे हे त्यांना साधारण माहीत होतं. आज ते खुद्द त्या लांबट खोलीत उभे राहून खिडकीची जाळी पुसून घेत होते. वरून फोन आला होता. विभागाचं नाव बऱ्याच वर्षांनी चांगल्या कारणासाठी निघालं होतं. तेव्हा साहेबांनी ठरवलं, की वस्तू समारंभपूर्वक परत करायची. पुष्पगुच्छ, दोन शब्द, फोटो. दावेदार अनेक असतील तर पडताळणी समिती नेमायची. समितीत साहेब, दंतवैद्य आणि सचिव म्हणून काका. कुणीही येऊन वस्तू माझी म्हटलं तर चालणार नाही. त्याने सगळ्यांसमोर फोनवर ते पान स्वतःच्या खात्यातून उघडून दाखवायचं, नाव-पत्ता लिहायचा आणि कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं. काकांनी हळूच विचारलं, साहेब, कर्त्याला गाजावाजा नको असला तर? साहेब म्हणाले, गाजावाजा कुणाला नको असतो हो. त्यांच्या आवाजात इतका निर्मळ विश्वास होता की काका पुष्पगुच्छासाठी टेबल रिकामं करायला लागले.

मग दावेदार यायला लागले.

पहिला काळी टोपी घातलेला माणूस होता. काकांनी सवयीने विचारलं, काय काय आहे सांगा. त्याने सगळं सांगितलं. जिना, कठडा, ट्रंक, मुलगा. काकांनी पुढचं विचारलं. त्याने ट्रंकेचं कुलूप तांब्याच्या तारेचं आहे हेही सांगितलं. कुलूप फोटोत दिसत होतं. सगळंच फोटोत दिसत होतं. इतकी वर्षं जी एक गोष्ट त्यांनी जाळीच्या अलीकडे राखली, ती त्यांनी काल रात्री घरी पायजम्यात बसून साऱ्या गावाला वाटून टाकली होती. आता वर्णन विचारणं म्हणजे परीक्षेच्या आदल्या दिवशी पेपर वाटून दुसऱ्या दिवशी शिट्टी वाजवत वर्गात फिरणं होतं.

आणि ताई. खिडकीवर आलेल्या प्रत्येकाला एक ताई होती. काळ्या टोपीवाल्याची ताई अंथरुणाला खिळली होती. त्याच्या मागच्या बाईंच्या नवऱ्याची ताई अंथरुणाला खिळली होती. एका कॉलेजच्या पोराची ताई अंथरुणाला खिळली होती आणि ती बाहेर स्कूटरवर बसून त्याची वाट बघत होती. साहेब प्रत्येकाला पान उघडायला सांगत आणि प्रत्येकाचा फोन नेमका घरी राहिलेला असे, किंवा पाण्यात पडलेला, किंवा पासवर्ड ताईला माहीत असे. दंतवैद्य प्रत्येकाची बोटं उलटीसुलटी करून बघत आणि मान हलवत. चॅनेलवाल्याचा कॅमेरा हे सगळं टिपत होता. रांगेतली माणसं हसत होती. ज्या खिडकीवर माणूस हरवलेली वस्तू मागायला खालच्या आवाजात यायचा, तिथे जत्रेतल्या पाळण्याखालच्यासारखा गलका उठला होता.

काका थकत गेले. थकत गेले तसे रागावत गेले, आणि राग कुणावर काढावा हे कळेना म्हणून तो समोर येईल त्याच्यावर निघू लागला. एकाला त्यांनी चक्क म्हटलं, तुमच्या ताईला माझा नमस्कार सांगा आणि तिला आता उठून बसायला सांगा. रांग खो-खो हसली. काकांना ते हसणं आवडलं. हे नंतर त्यांना सगळ्यांत जास्त लागलं, की ते हसणं त्यांना आवडलं होतं.

दुपार कलली. रांग विरळ झाली. बारीक मिशांचा गृहस्थ काही आला नाही. काका मान उंच करून दाराकडे बघत, प्रत्येक मिशीवाल्याकडे आशेने बघत, आणि म्हणून समोर कोण उभं आहे याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. समोर एक बाई होत्या. पन्नाशीच्या. खांद्याला बाजाराची पिशवी, त्यातून कोथिंबीर डोकावणारी. त्या बऱ्याच वेळापासून रांगेत असाव्यात, कारण त्यांनी सगळं ऐकलेलं दिसत होतं. त्या जाळीच्या अगदी जवळ आल्या आणि इतक्या खालच्या आवाजात बोलल्या, की काकांना कान पुढे करावा लागला.

त्या म्हणाल्या, ते खोकं माझं आहे.

काका म्हणाले, असेल. आज सगळ्यांचंच आहे. काय काय आहे आत? की तेही मीच सांगू?

बाईंनी पिशवी सावरली. मग म्हणाल्या, "जिन्याच्या मागच्या भिंतीत एक दार आहे. बंदच आहे. त्याच्या मागे खोली आहे. ती कुठे दिसत नाही, तेवढं बघून द्या ना. बाकी काही नको."

काकांनी ते खोकं काल किती वेळ न्याहाळलं होतं. मागे पुठ्ठा होता. पुठ्ठ्यावर दार रंगवलेलं होतं, एवढंच. आता ही खोली कुठली? सकाळपासून ऐकलेल्या खोट्यांमध्ये हे जरा नवीन होतं इतकंच. आणि तेवढ्यात साहेब मागून आले, काय म्हणताहेत या? चॅनेलवाल्याने कॅमेरा खांद्यावर घेतला. दंतवैद्य पुढे सरसावून म्हणाले, बोटं बघू.

बाईंनी दोन्ही हातांनी पिशवीचा पट्टा घट्ट धरला.

"बाई, मागे पुठ्ठा आहे," काका मोठ्याने म्हणाले; कॅमेरा होता म्हणून आवाज जरा जास्तच मोठा लागला. "तुमचं असेल तर सगळ्यांसमोर पान उघडून दाखवा, नाव लिहा आणि घेऊन जा. आमची ना नाही."

बाईंनी कॅमेऱ्याकडे बघितलं. मग रांगेकडे बघितलं, जी आता हसायच्या तयारीत होती. मग काकांकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर काकांना बरं वाटलं असतं. तिथे ओळख होती. रोज सकाळी ज्याच्याशी दोन शब्द बोलतो त्या माणसाचा चेहरा पहिल्यांदा दिसावा, आणि तो असा निघावा, तशी.

"नको," त्या म्हणाल्या. "राहू द्या."

आणि कोथिंबीर सावरत निघून गेल्या. मागून कुणीतरी म्हणालं, ही पण गेली. रांग हसली.

सगळे पांगले तेव्हा काकांनी खोकं समोर ओढलं. तसं कारण काही नव्हतं. नुसतं मनाला कुसळ लागल्यासारखं झालं होतं. त्यांनी ते रंगवलेलं दार नखाने चाचपलं. दार रंगवलेलं नव्हतं, कापलेलं होतं. इतकं नेमकं की फट दिसू नये. नखाने ढकलल्यावर ते आत गेलं. काकांनी फोनचा दिवा लावून डोळा लावला.

आत खोली होती. नखाएवढी चूल. भिंतीला टेकवलेला पाट. आणि दाराकडे पाठ करून बसलेली एक बाई, गुडघ्यात मान घातलेली, पदर ओठांत धरलेला. सिनेमात ती कधी दाखवली नव्हती. साऱ्या दुनियेने जिना उतरणाऱ्या मुलाकडे बघून डोळे पुसले. बंद दारामागे कोण बसलंय हे कुणी विचारलं नव्हतं. या एका बाईने विचारलं, आणि तिच्यासाठी खोली बांधली, आणि दार लावून घेतलं. ते दार उघडून दाखवायचं होतं ते फक्त ताईला.

काका तसेच उठले. टेबलाचा कोपरा मांडीत लागला, जाळीचं दार अडकलं, चप्पल एका पायात आली आणि एका पायात आली नाही. बसथांब्यावर बस नुकतीच सुटली होती. त्या बसमागे ते थोडं धावले. पण कुणाला हाक मारायची तर नाव माहीत नव्हतं, आणि खिडक्यांतून बघणाऱ्या माणसांना एका पायात चप्पल घातलेला म्हातारा धावताना दिसला. एकाने फोटोही काढला. तो पुढे ग्रुपवर आला; दंतवैद्यांनीच टाकला होता.

त्यांनी पानावर जाऊन लिहिलं. खोली बघितली. चूक झाली. कधीही या, कुणी नसेल, काही विचारणार नाही. लिहून पाठवलं आणि डोळ्यांसमोर ते खाली खाली सरकत गेलं. वरून लोकांचे शब्द कोसळत होते, चेहरा दाखवा, कितीला द्याल, चेहरा दाखवा. काकांनी पुन्हा लिहिलं, तेही बुडालं. जिथे मूठभर माणसांत दोन ओळी आरामात बसत, तिथे आता काकांनीच धाडलेली गर्दी होती आणि तिच्यात काकांचाच आवाज पोचत नव्हता. दुसऱ्या दिवशी पान उघडलं तर पानच नव्हतं. पिवळे हात गेले, सगळी खोकी गेली, 'चहाचं पाणी आहे' ही ओळही गेली.

दंतवैद्यांनी सुचवलं की चॅनेलवरून आवाहन करू, बाई नक्की सापडतील. काकांनी नको म्हटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते वेळेवर म्हटलं. साहेबांनी मात्र खोकं सोडलं नाही. त्यांनी काचेची पेटी करवून घेतली आणि ते विभागाच्या दारात, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं मांडलं. लोक थांबतात, वाकतात, फोटो काढतात. मधल्या पायरीवरचा मुलगा अजून वळून बघत नाही. मागचं दार बंद आहे. काकांनी ते आपल्या हाताने, फट दिसणार नाही असं, परत लावलं.

'आजचा नग' आता येत नाही. काकूंच्या फोनवर अंगठा उमटवायला कुणी जात नाही. सकाळी काका चहा गरम असतानाच पितात. काकूंनी एकदा विचारलं, "त्या बाई काय म्हणाल्या होत्या हो, खोक्यात काय आहे म्हणून?" काका म्हणाले, काही नाही, पुठ्ठा. काकूंनी सुईत दोरा ओवता ओवता त्यांच्याकडे बघितलं, आणि परत विचारलं नाही.

आणि जाळीमागे बसलेले काका, काचेच्या पेटीपुढे रेंगाळणाऱ्या प्रत्येक बाईला खालच्या आवाजात विचारतात, तुमचं आहे का? बहुतेक जणी हसतात. काही जणी हो म्हणतात, आणि जिना, कठडा, ट्रंक, सगळं सांगतात. काका शेवटपर्यंत ऐकून घेतात आणि नम्रपणे मान हलवतात. पुढचं सांगू शकेल असं जगात एकच माणूस आहे, आणि त्याने ते सांगितलं, तेव्हा काकांनी ऐकलं नाही.